दोन शांतता : इंडी अल्बम, लाइव्ह कार्यक्रम आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी



या व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांना आमच्याकडून साधारण काय ऐकायला मिळतं ते माहीत आहे. कांट, शांकरभाष्य, मधूनच विट्गेन्श्टाइन. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी संयोजकांकडे चौकशी केली म्हणे, की सरांची तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. आज आपण अमेरिकेतल्या दोन इंडी बँडबद्दल बोलणार आहोत. एक वॉशिंग्टनचा फुगाझी आणि दुसरा मिनेसोटा राज्यातल्या डुलूथ या गावचा लो. आम्ही दोघांचेही चाहते आहोत, आणि चाहते म्हणूनच बोलणार आहोत. पण चाहत्याने टीका करू नये असा काही नियम नाही. उलट जे मनापासून आवडतं त्याच्याशीच नीट भांडता येतं.

सुरुवातीलाच प्रश्न एका छोट्याशा जागेवर आणून ठेवू.

फुगाझीचं एक गाणं आहे, 'वेटिंग रूम'. १९८८ सालच्या त्यांच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं. पुढे १९८९ मध्ये 'थर्टीन साँग्ज' या संग्रहात ते आलं. सुरुवात बेस गिटारने होते. जो लॅली एक साधी, चालती धून वाजवतात. तिच्यावर ड्रम येतात, गिटार येते, आणि वीसेक सेकंदांनी सगळं एकदम थांबतं. तीन-चार सेकंद काहीच नाही. मग सगळे एकत्र उडी घेतात. घरी हेडफोन लावून ऐकताना ही शांतता खरोखरच शांतता असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, नेट गेलं की काय! आता हेच गाणं प्रत्यक्ष कार्यक्रमातल्या ध्वनिमुद्रणात ऐका. वाद्यं तेवढाच वेळ थांबतात, पण तिथे शांतता नसते. समोरची माणसं ओरडत असतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक असतं. रेकॉर्डवर जी जागा रिकामी आहे, ती सभागृहात भरलेली आहे.

मग गाणं कोणतं? रिकाम्या जागेचं की भरलेल्या? हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. अल्बम आणि लाइव्ह कार्यक्रम यांचं नातं काय, ऐकणारा नेमका कशाचा भाग असतो, आणि 'इंडी' या शब्दाला काही अर्थ उरला आहे का, हे सगळं या तीन-चार सेकंदांत आहे.

आधी तो शब्द. हल्ली 'इंडी' म्हटलं की एक ठरावीक आवाज डोळ्यांसमोर येतो, म्हणजे कानांसमोर म्हणा. जरा उदास गळा, हळू गिटार, कॅफेत मागे वाजतं तसं काहीतरी. मूळ अर्थ तो नाही. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. कोणापासून स्वतंत्र? तर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून. हे स्वातंत्र्य सुरांचं नसून निर्णयाचं आहे. रेकॉर्ड कधी काढायची, केवढ्याला विकायची, कुठे वाजवायचं, हे कोण ठरवणार, एवढाच तो प्रश्न.

१९८० साली वॉशिंग्टनमधल्या टीन आयडल्स नावाच्या एका पोरसवदा बँडने गाशा गुंडाळला. कार्यक्रमांतून थोडे पैसे साठले होते. ते वाटून घ्यायचे की त्यातून आपल्या गाण्यांची एक आठवण म्हणून रेकॉर्ड काढायची? त्यांनी रेकॉर्ड काढली, आणि ती काढण्यासाठी इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिसकॉर्ड ही कंपनी सुरू केली. कंपनी हा शब्द जरा मोठाच झाला. घरी बसून कागदी वेष्टनं कापून चिकटवायची, असा तो उद्योग. पुढे मॅकाय यांनी गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी यांच्यासह फुगाझी उभा केला, आणि त्यांचे सगळे अल्बम डिसकॉर्डनेच काढले. डिसकॉर्डच्या रेकॉर्डवर टपालखर्चासकट किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदाराला वाटेल ती लावता येऊ नये. आपल्याकडे काडेपेटीवर छापील किंमत असते, तसंच.

दुसरी बाजू पाहायची तर स्टीव्ह अल्बिनी यांचा १९९३ चा निबंध पाहावा लागेल. 'द बॅफलर' या नियतकालिकात तो आला. अल्बिनी हे शिकागोचे ध्वनिमुद्रक आणि वादक. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले. त्या निबंधात त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केलेल्या एका काल्पनिक बँडचा ताळेबंद मांडला आहे. आगाऊ रक्कम, वकील, व्यवस्थापक, स्टुडिओ, व्हिडिओ, दौरा, असं एकेक खातं. शेवटी सगळ्यांना पैसे मिळतात आणि बँडमधल्या माणसाच्या हातात काय येतं? किराणा-सिगारेटच्या दुकानात काउंटरवर उभं राहून जे मिळालं असतं, त्याचा साधारण तिसरा हिस्सा. संगीतसमीक्षेत इतकं कोरडं आणि इतकं परिणामकारक लिखाण आम्ही फारसं वाचलेलं नाही. स्वतः अल्बिनी ध्वनिमुद्रणाची ठरलेली मजुरी घेत आणि रेकॉर्डच्या विक्रीत वाटा घ्यायला नकार देत. गवंड्याने घर बांधलं म्हणून पुढची वीस वर्षं भाड्यात हिस्सा मागू नये, अशी ती भूमिका.

पण इथे सोवळं-ओवळं आणायचं कारण नाही. लो या बँडचे पहिले तीन अल्बम व्हर्जिन या मोठ्या कंपनीच्या एका छोट्या शाखेने काढले होते. नंतर ते शिकागोच्या क्रँकी या छोट्या कंपनीकडे आणि पुढे सब पॉपकडे गेले. १९९४ चा त्यांचा पहिला अल्बम ऐकून कोणी ओळखू शकणार नाही, की पैसे कुणाचे होते. म्हणून आमचं म्हणणं असं, की स्वातंत्र्य फक्त रेकॉर्डच्या पाठीमागच्या शिक्क्यात शोधू नका. बँड ऐकणाऱ्याशी कसा वागतो, त्यात शोधा. आणि ते दोन ठिकाणी दिसतं, अल्बममध्ये आणि कार्यक्रमात. दोन्हीकडे ते वेगळं दिसतं.

आता तत्त्वज्ञानाकडे थोडं वळू. घाबरू नका, लवकर परत येऊ.

रॉक संगीताबद्दल दोन टोकाची मतं आहेत. एक मत थिओडोर ग्रेसिक या अमेरिकी तत्त्वज्ञाचं. १९९६ च्या आपल्या ग्रंथात ते म्हणतात, की रॉकमध्ये कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रण. पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरलिपी ही कृती आणि वादन हा तिचा प्रयोग. रॉकमध्ये तसं नाही. तिथे स्टुडिओत घडवलेला तो ठरावीक आवाज, तीच कृती. कार्यक्रम नंतरचा. दुसरं मत आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते म्हणतं, खरं काय ते समोरासमोर. रेकॉर्ड म्हणजे सावली. या मताला वाल्टर बेन्यामिन यांच्या १९३० च्या दशकातल्या त्या प्रसिद्ध निबंधाचा आधार दिला जातो. यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीचं तेजोवलय विरतं, असं त्यांनी म्हटलं होतं. महाराष्ट्रातल्या रसिकाला तर हे पटवून द्यावंच लागत नाही. ७८ गतीच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेला राग आणि रात्रभराची मैफल यांतलं अंतर त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेलं असतं.

आम्हाला दोन्ही मतं अर्धीच पटतात.

ग्रेसिक यांचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते पाहा. १९९२ मध्ये फुगाझी शिकागोला जाऊन अल्बिनी यांच्याकडे गाणी मुद्रित करून आले. वाजवणारे तेच, गाणी तीच, मुद्रण करणारा त्या क्षेत्रातला नावाजलेला माणूस. पण निकाल बँडलाही पसंत पडला नाही आणि अल्बिनींनाही. ती गाणी पुन्हा नव्याने व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत मुद्रित झाली आणि १९९३ मध्ये 'इन ऑन द किल टेकर' हा अल्बम आला. अल्बम म्हणजे नुसतं वाजवलेलं टिपून ठेवणं असतं, तर पहिल्या खेपेलाच काम झालं असतं. अल्बम घडवावा लागतो, नाकारावा लागतो, परत घडवावा लागतो. त्याच्यामागे कोणतीही मूळ मैफल नसते, की जिची ती सावली म्हणावी. बेन्यामिनचा आधार घेणारे हे विसरतात. मूळच नसेल तर प्रत कुणाची?

आणखी ठळक उदाहरण लोचं. २००१ चा 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' हा त्यांचा अल्बम अल्बिनी यांनीच मुद्रित केला. तो ऐकताना खोली ऐकू येते. अ‍ॅलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर, नवरा-बायको, दोघांचे आवाज शेजारी शेजारी उभे असल्यासारखे. मिमीबाई उभ्याने ड्रम वाजवायच्या, तेही अगदी मोजके, पुष्कळदा काठीऐवजी ब्रशने. त्या ब्रशचा झांजेवरचा स्पर्शसुद्धा निसटत नाही. सतरा वर्षांनी, २०१८ मध्ये, याच बँडने 'डबल निगेटिव्ह' काढला. तिथे तेच दोन आवाज फाटलेले, गुदमरलेले, यंत्राच्या खरखरीत बुडालेले आहेत. मध्येच एखादा स्वर पाण्यावर यावा तसा वर येतो आणि पुन्हा बुडतो. हा अल्बम स्टुडिओखेरीज होऊच शकत नाही. पण स्टेजवर हीच गाणी तीन माणसं गिटार, बेस आणि मोजक्या ड्रमवर सादर करत, आणि तिथे ती गाणी पुन्हा उघडी, सरळ होत. कोणती खरी? दोन्ही. पण दोन्ही एकच नाहीत.

मग ग्रेसिक कुठे कमी पडतात? ते कार्यक्रमाला दुय्यम म्हणतात तिथे. कार्यक्रम हा अल्बमचा धाकटा भाऊ नव्हे. तो वेगळ्याच जातीचा आहे. आमचा आजचा मुख्य मुद्दा हा: अल्बम आपल्याकडे लक्ष मागतो, कार्यक्रम आपल्याकडे वर्तन मागतो. अल्बम ऐकताना आपण चुकीचं वागलो, तर नुकसान आपलं एकट्याचं. कार्यक्रमात आपण चुकीचं वागलो, तर शेजारच्याचं.

फुगाझीला हे फार नेमकं कळलं होतं. ३ सप्टेंबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, आणि ४ नोव्हेंबर २००२ ला लंडनमध्ये शेवटचा. या १५ वर्षांत हजाराहून अधिक कार्यक्रम. तिकीट साधारणपणे ५ डॉलर. वयाची अट नाही, म्हणजे दारूच्या परवान्यामुळे अल्पवयीनांना मज्जाव असेल तिथे ते वाजवत नसत. टी-शर्ट, बिल्ले, टोप्या असलं काहीही विकायचं नाही. स्वतःच्या गावात बहुतेक कार्यक्रम कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या मदतीसाठी, किंवा फोर्ट रेनो या बागेत फुकट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोर कोणी हाणामारी करू लागला, लोकांच्या डोक्यांवरून उड्या मारू लागला, तर गाणं थांबायचं. मॅकाय माइकवरून त्या माणसाला उद्देशून बोलायचे, पुष्कळदा अगदी सभ्यपणे, 'सर' म्हणून. ऐकलं नाही तर त्याचे ५ डॉलर परत करून त्याला बाहेर काढायचे. यासाठी पैशांची पाकिटं तयार ठेवलेली असत.

हा पैसे परत करण्याचा भाग आम्हाला विचार करण्यासारखा वाटतो. शिक्षा करायची असती, तर नुसतं हाकललं असतं. पैसे परत देणं म्हणजे शिक्षा नव्हे, तो करार रद्द करणं आहे. "तुम्ही ५ डॉलर दिलेत, आम्ही वाजवायचं कबूल केलं. पण तुमच्या ५ डॉलरमध्ये शेजारच्या मुलीला ढकलायचा हक्क येत नाही. तो हवा असेल तर आपला व्यवहार इथेच संपला." या बँडच्या संगीतात जोर आहे, राग आहे, कानठळ्या बसतील इतका आवाज आहे. त्या आवाजात नाचणाऱ्या पोरांना त्यांनी सांगितलं, की संगीतातला हिंसेचा भास आणि प्रत्यक्ष हिंसा यांत फरक आहे, आणि तो तुम्हीच करायचा आहे. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात 'कलेतील अंतर' शिकवताना आम्ही जे तासभर समजावत असू, ते हे लोक गाणं थांबवून अर्ध्या मिनिटात सांगत.

गाणं थांबवणारे कलावंत आपल्याला नवीन नाहीत. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत श्रोत्यांना केवढी शिस्त पाळावी लागे, हे वेगळं सांगायला नको. पण फरक बघा. किशोरीताई शांतता मागत ती स्वरांसाठी. राग उभा राहायचा आहे, त्याला धक्का नको. त्यांचं मागणं रसाच्या बाजूने होतं. मॅकाय गाणं थांबवत ते गाण्यासाठी नव्हे. गाणं गेलं तरी चालेल, पुढच्या रांगेतल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या बरगड्या शाबूत राहिल्या पाहिजेत. एकीकडे कलेची प्रतिष्ठा, दुसरीकडे शेजाऱ्याची. दोन्ही मूल्यं मोठी आहेत, पण ती एकच आहेत असं समजू नये.

आता टीका. माइक ज्याच्या हातात आहे, तो समोरच्या गर्दीच्या बरोबरीचा नसतो. 'आपण सगळे सारखे' असं तो स्टेजवरून म्हणतो, तेव्हाही त्याचा आवाज हजार वॉटचा असतो आणि बाकीच्यांचा गळ्याचा. फुगाझीच्या मुद्रणांत दोन गाण्यांच्या मधलं बोलणं ऐकताना कधी कधी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळची सूचना ऐकल्यासारखं वाटतं. 'सजेशन' हे त्यांचं गाणं घ्या. रस्त्यात बाईला ज्या नजरा आणि जो त्रास सोसावा लागतो, त्याबद्दलचं हे गाणं, आणि ते बाईच्या तोंडी आहे. गातो मात्र पुरुष. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो रास्त आहे. पण कार्यक्रमाचं वैशिष्ट्य इथेच दिसतं. अल्बमवरचं 'सजेशन' कायमचं मॅकाय यांच्या आवाजात गोठलेलं आहे. कार्यक्रमात मात्र काही वेळा माइक एका गायिकेच्या हातात दिला गेला आणि गाणं जिचं होतं तिच्याकडे गेलं. अल्बमला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. कार्यक्रमाला येते.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि म्हणावंच, की सर, तुम्ही यातला एक तरी कार्यक्रम पाहिलात का? नाही पाहिला. नव्वदच्या दशकात अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला 'रिपीटर'ची कॅसेट दिली, तिथून हे वेड लागलं. आमच्याजवळ प्रत्यक्ष प्रमाण नाही. पण प्रत्यक्षाच्या खालोखाल जे काही असू शकतं, ते आहे. २०११ पासून फुगाझीने आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली करायला सुरुवात केली. त्यांच्या ध्वनितंत्रज्ञांनी वर्षानुवर्षं टेप चालू ठेवली होती. आठशेहून अधिक कार्यक्रम जमले होते. सुचवलेली किंमत? ५ डॉलर. कमीअधिक द्यायची मुभा.

मोठे बँड लाइव्ह अल्बम काढतात तेव्हा शंभर रात्रींतली सगळ्यात चांगली रात्र निवडतात, बेसूर जागा दुरुस्त करतात, टाळ्या वाढवतात. इथे तसं नाही. तार तुटली ती तुटली, माइक शिट्टी वाजवत राहिला तो राहिला. काही रात्री सरळ सरळ कंटाळवाण्या आहेत, आणि त्यांच्यामुळेच चांगल्या रात्री विश्वासार्ह वाटतात. आमच्या दृष्टीने या बँडची सर्वांत मोठी कृती हा संग्रहच आहे. २००१ चा 'द आर्ग्युमेंट' हा त्यांचा शेवटचा अल्बम आम्हाला सगळ्यात परिपक्व वाटतो. त्यात चेलो आहे, काही जागी दुसरा ड्रमवादक आहे, संयम आहे. तरी त्याच्यापेक्षाही हा संग्रह मोठा. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. जेम कोहेन यांच्या १९९९ च्या 'इन्स्ट्रुमेंट' या माहितीपटात पिचोटो एका व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या कड्यात स्वतःला उलटं अडकवून गाताना दिसतात. टेपवर ते कसं कळणार? तिथे फक्त एक धडपड ऐकू येईल. अनुमानाला धूर लागतो, आणि टेपवर दर वेळी धूर उमटतोच असं नाही.

आता लोकडे जाऊ. फुगाझी गोंगाट थांबवण्यासाठी गाणं थांबवत. लो काय करत? १९९० च्या दशकात हे लोक बारमध्ये वाजवत. लोक पीत, गप्पा मारत. यांचं संगीत इतकं संथ आणि इतकं हळू, की शेजारच्या टेबलावरच्या हसण्यात ते वाहून जाई. कोणताही बँड अशा वेळी आवाज वाढवतो. लो आवाज कमी करत. आणखी हळू वाजवत. मग काय होई? बोलणाऱ्यांना आपलाच आवाज ऐकू येऊ लागे, आणि ते गप्प होत. निदान काही जण तरी होत. यात सूचना नाही, भाषण नाही, पैसे परत करणं नाही. श्रोत्याला त्याचा स्वतःचा गोंगाट परत करायचा, एवढंच. आम्हाला ही रीत जास्त आवडते हे कबूल करतो. पण हेही सांगतो, की बरगडीवर कोपर बसत असताना ती चालली नसती. प्रत्येक गर्दीला आपापलं औषध.

लोची कसोटी पाहणारा प्रसंग १५ जून २०१३ चा. मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरच्या आवारात 'रॉक द गार्डन' हा उन्हाळी महोत्सव होता. हजारो लोक, पावसाळी हवा. लोने आपल्या सगळ्या वेळात एकच गाणं वाजवलं, १९९६ च्या अल्बममधलं 'डू यू नो हाउ टू वॉल्ट्झ?'. अल्बमवर ते चौदा-पंधरा मिनिटांचं आहे, इथे सुमारे २७ मिनिटं झालं. त्यातला बराचसा भाग म्हणजे एकाच स्वरात धरून ठेवलेला गुंजारव, ज्याला इंग्रजीत ड्रोन म्हणतात. तंबोऱ्याचं कार्य तेच असतं, फक्त इथे तंबोराच पुढे येऊन बसला आणि गवई आलाच नाही, असं समजा. शेवटी स्पारहॉक तीन शब्द बोलून निघून गेले. त्यांचा आशय असा, की ड्रोन हवा तो स्वराचा, विमानांचा नको. वैमानिकाविना उडणाऱ्या बाँबफेकी विमानांवर तेव्हा अमेरिकेत वाद चालू होता.

यावर मोठा गदारोळ झाला. काहींना आयुष्यातला सर्वोत्तम कार्यक्रम वाटला, काहींना शुद्ध फसवणूक. पैसे भरून आलो, आवडीची गाणी ऐकायला आलो, आणि यांनी २७ मिनिटं गुणगुण ऐकवली! आपण कोणाच्या बाजूने? आम्ही लोच्या बाजूने आहोत, पण तक्रार करणारे मूर्ख होते असं म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न खरा आहे: तिकीट घेतल्यावर बँड मला काय देणं लागतो? आमचं उत्तर असं. बँड लक्ष देणं लागतो, प्रामाणिकपणा देणं लागतो, ओळखीची यादी देणं लागत नाही. यादी अल्बममध्ये आहे, घरी आहे, कधीही ऐकता येते. कार्यक्रमाला जायचं ते जे घरी नाही त्यासाठी. आणि त्या दिवसाचं काहीतरी उरलंही. पुढच्या वर्षापासून मिनियापोलिसमध्ये त्याच घोषणेच्या नावाने २८ तासांचा अखंड ड्रोनचा कार्यक्रम होऊ लागला, युद्धग्रस्तांना मदत करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेसाठी. आपल्याकडच्या नामसप्ताहातला अखंड वीणा आठवावा, असा तो प्रकार.

थोडं आमच्याबद्दल, कारण विषयाशी संबंध आहे. गेली चार वर्षं आम्ही कानाचं मशीन वापरतो. हे मशीन बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते बारीक आवाज वर उचलतं आणि मोठा आवाज खाली दाबतं. संभाषणाला उत्तम, संगीताला घातक. लोची सगळी कला बारीक आणि अतिबारीक यांतल्या फरकात आहे, आणि फुगाझीची बारीक आणि प्रचंड यांतल्या. मशीन दोघांनाही एका पातळीवर आणून सोडतं. म्हणून ऐकायला बसताना आम्ही ते काढतो, चांगले हेडफोन लावतो, आणि जे ऐकू येईल ते ऐकतो. उभ्याने तीन तास गर्दीत थांबणं तर आता जमणारच नाही. तेव्हा अल्बम आमच्यासाठी सावली वगैरे नाही. तो दार आहे.

आणि ५ नोव्हेंबर २०२२ ला मिमी पार्कर कर्करोगाने गेल्या. बँड तिथे संपला. ते दोन आवाज शेजारी शेजारी आता कोणत्याही सभागृहात ऐकू येणार नाहीत, मिनियापोलिसच्या माणसालाही नाही आणि पुण्याच्याही नाही. या एका बाबतीत सगळे चाहते एका रांगेत आले. कार्यक्रम संपले की उरतो तो अल्बम, आणि टेप. म्हणूनच दोन्हींत श्रेष्ठ कोण असा कुस्तीचा फड लावणं आम्हाला व्यर्थ वाटतं. कार्यक्रम शिकवतो, की ऐकणं ही एकट्याची गोष्ट नाही. अल्बम ते शिकलेलं घरी वापरायला देतो. जो माणूस सभागृहात शेजाऱ्याला जागा ठेवतो आणि घरी अल्बम मागे लावून फोन बघत बसतो, तो अर्धाच श्रोता. उलटही तितकंच खरं.

आता सुरुवातीच्या त्या तीन-चार सेकंदांचं उत्तर. 'वेटिंग रूम'मधली ती जागा अल्बमवर रिकामी आहे, कारण तिथे बँडने आपल्यावर विश्वास ठेवला आहे, की आपण थांबू. कार्यक्रमात ती भरते, कारण तिथे लोकांनी बँडवर विश्वास ठेवला आहे, की ते परत येतील. गाणं एकच असेल नसेल, विश्वास दोन वेगळे आहेत. आणि आमच्या मते इंडी या शब्दात जपण्यासारखं जे काही आहे, ते एवढंच आहे. बाकी गिटारचा आवाज कोणालाही काढता येतो.

पुढच्या वेळी येण्याआधी एक करा. 'वेटिंग रूम' आधी अल्बमवर ऐका, मग फुगाझीच्या संग्रहातल्या कोणत्याही तीन रात्रींचं ऐका. घाईत निवडा, चांगली रात्र शोधत बसू नका. नंतर 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' अखंड ऐका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आवडलं नाही तर तसं सांगा, भांडायला आम्ही आहोतच. आता कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ. जरा मोठ्याने विचारा, मशीन लावलं आहे, पण तरी मोठ्याने.